संगणक आणि विजेचे बिल

तामिळनाडूत घरगुती विजेचे बिल दरमहा येत नाही, दोन महिन्यांनी येते. २०१६ च्या मे महिन्यापासून त्या दोन महिन्यांतील पहिली १०० युनिटे प्रत्येक घरास विनामूल्य मिळू लागली. त्यापुढे मात्र जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे दर चढत जातो, आणि वरच्या पायरीवर पाऊल पडले की खालच्या पायरीवरची सवलतही काही वेळा हातची जाते. म्हणून तिकडच्या घरांत युनिट हा शब्द तांदळाच्या भावाइतक्याच सहजपणे बोलण्यात येतो, आणि घरात नवे उपकरण आले की ते वीज किती ओढते ही चौकशी आधी होते.

कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या वाटेवरचे गोविंदपुरम् हे गाव मराठी माणसास परके वाटू नये असे आहे. नामसिद्धान्ताचे थोर पुरस्कर्ते बोधेन्द्र सरस्वती यांचे अधिष्ठान येथे आहे, आणि त्याच गावात या शतकात विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे देवालयही उभे राहिले. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले तेव्हापासून १८५५ पर्यंत कावेरीच्या या मुलखात मराठ्यांची गादी होती. शेवटची पन्नासएक वर्षे ती नावापुरतीच उरली होती ही गोष्ट वेगळी. त्या काळात आलेल्या घराण्यांचे वंशज तंजावर-कुंभकोणम् भागात अजूनही आपल्या वळणाची मराठी बोलतात, आणि तिकडच्या भजनसंप्रदायात अभंगाला हक्काचे स्थान आहे.

अशा गावातल्या घरातही आता संगणक येऊन बसला आहे. कोणी दूरच्या कंपनीचे काम घरबसल्या करतो, कोणी भजनाचे ध्वनिमुद्रण जुळवतो, कोणी दुकानाचा जमाखर्च लिहितो. त्या संगणकाच्या पोटात पत्र्याची एक पेटी असते. थोडे अधिक पैसे देऊन उत्तम प्रतीची पेटी घेतली तर वीज वाचेल आणि ते पैसे वसूल होतील, असे दुकानदार सांगतो. हे म्हणणे कितपत खरे, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. एका घरात त्याचे उत्तर ‘नाही’ असे येते, तर शेजारच्याच घरात ‘होय’ असे येऊ शकते. आणि या दोहोंतला फरक पेटीत नसतो, तिच्यामधून किती वीज वाहते यात असतो.

भिंतीवरच्या प्लगमधून येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तने घेणारी असते. संगणकातल्या नाजूक चिपांना ती जशीच्या तशी दिली तर त्या क्षणात जळून जातील. त्यांना हवी असते १२, ५ किंवा ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज. हे रूपांतर करणे हेच त्या पेटीचे काम. बाजारात तिला ‘पॉवर सप्लाय’ म्हणतात, आणि कारागिरांच्या तोंडी ती ‘एसएमपीएस’ या आद्याक्षरांनीच असते. जुन्या उपकरणांत हे काम लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर करी आणि त्यात निम्मीअधिक वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. नव्या पद्धतीत प्लगमधून आलेली वीज प्रथम सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास एकदिश करून घेतात, मग तिचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडतात आणि ते तुकडे एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतात. आवर्तने जितकी जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. १९७७ च्या ‘ॲपल टू’ या संगणकात रॉड होल्ट यांनी बसवलेली पेटी याच जातीची होती. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला घरगुती संगणक विक्रीस आणला, तेव्हा त्यातील पेटीची क्षमता अवघी ६३.५ वॅट होती. आज दुकानात ४५० वॅटच्या खालची पेटी मागितली तर दुकानदार किंचित कीव केल्यासारखे पाहतो.

नवी पद्धत जुनीहून कितीही चांगली असली तरी तीत गळती आहेच. डायोडमधून जाताना विजेचा थोडा दाब खर्ची पडतो, तुकडे पाडणारा ट्रान्झिस्टर प्रत्येक वेळी थोडा तापतो, तांब्याची तार तापते, गाभा तापतो. ही सगळी उष्णता बाहेर टाकण्यासाठी पेटीला पंखा लागतो आणि तो पंखाही वीज खातो. संगणकाच्या पाठीमागे हात धरला की जो गरम वारा लागतो, त्याचा काही भाग या गळतीचा असतो, आणि मीटर त्याचेही पैसे मोजत असतो. चांगल्या पेटीत डायोडच्या जागी ट्रान्झिस्टर वापरतात, तार जाड घेतात, गाभा चांगल्या प्रतीचा निवडतात. पेटीची किंमत वाढते ती यामुळे. केवळ वेष्टनामुळे नव्हे.

कावेरीच्या मुलखात ही गोष्ट समजावून सांगण्यास निराळा दृष्टान्त शोधावा लागत नाही. मेट्टूरच्या धरणातून कुरुवै पिकासाठी रूढीने १२ जूनला पाणी सोडतात. कल्लणैपाशी ते फाट्यांत विभागते, फाट्यांतून पाटात येते आणि पाटातून शेतात. पाटाच्या तोंडाशी शंभर घागरी सोडल्या आणि शेतात ऐंशी पोचल्या, तर त्या पाटाची कार्यक्षमता शेकडा ८० झाली. उरलेल्या वीस वाटेत मुरल्या. पेटीची कार्यक्षमता म्हणजे हेच. शंभर वॅट भिंतीतून घेऊन ऐंशी वॅट संगणकाच्या यंत्रांपर्यंत पोचवणारी पेटी शेकडा ८० कार्यक्षम. परंतु या दृष्टान्तातच दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. शेत एक-दोन गुंठ्यांचे असेल तर पाटाला सिमेंटचे अस्तर लावण्याचा खर्च कधीच भरून निघत नाही. शेत मोठे असेल आणि पाणी वर्षभर वाहत असेल, तर तेच अस्तर दोन हंगामांत फिटते. शेकडेवारी दोन्हीकडे तीच. वाहणारे पाणी मात्र वेगळे.

पेट्यांची प्रत ठरवण्याची पद्धत अमेरिकेत २००४ साली ‘एटी प्लस’ या नावाने सुरू झाली. त्या सुमारास बाजारातल्या पुष्कळशा पेट्या शेकडा ६० ते ७० या मर्यादेतच होत्या. नव्या चिठ्ठीची अट अशी की, पेटीवर तिच्या क्षमतेच्या शेकडा २०, ५० आणि १०० इतका भार टाकला असता तिन्ही वेळा ती किमान शेकडा ८० कार्यक्षम ठरली पाहिजे. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि टायटॅनियम अशा चढत्या पायऱ्या झाल्या. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत निम्म्या भाराला ब्राँझकडून ८५, गोल्डकडून ९० आणि टायटॅनियमकडून ९४ अशी अपेक्षा असते. भारतातील प्लगमध्ये २३० व्होल्ट असल्यामुळे तेवढ्याच कामाला विद्युत्‌प्रवाह निम्मा लागतो, आणि तीच पेटी इकडे बहुधा एखाद-दोन टक्क्यांनी अधिकच चांगली चालते.

येथे एक गैरसमज वाटेतच दूर केला पाहिजे, कारण तो पुष्कळ सुशिक्षित घरांतही आढळतो. पेटीवर ५०० वॅट लिहिले आहे म्हणजे ती ५०० वॅट खाते, असे नाही. तो आकडा पेटीच्या ताकदीचा आहे, भुकेचा नव्हे. शंभर किलो वाहू शकणाऱ्या हमालाच्या पाठीवर दहा किलोचे गाठोडे दिले तर तो दहा किलोच वाहतो. पत्रव्यवहार, हिशेब, वृत्तपत्रे वाचणे, भजने ऐकणे एवढ्याच कामास लावलेल्या साध्या संगणकाची आतली भूक ६० वॅटच्या आसपास असते. मात्र हमालाची उपमा येथे थोडी लंगडी पडते. फार मोठ्या पेटीवर फार थोडा भार असला की तिची कार्यक्षमता घसरते. तिचा स्वतःचा पंखा आणि आतली चक्रे चालू ठेवण्यातच तिची बरीच शक्ती जाते. ५०० वॅटच्या पेटीवर ६० वॅटचा भार म्हणजे शेकडा १२, आणि टायटॅनियम वगळता बाकीच्या पायऱ्यांची हमी शेकडा २० च्या खाली लागूच नाही. तेव्हा घरगुती संगणकासाठी चढ्या पायरीची मोठी पेटी घेण्यापेक्षा साध्या पायरीची लहान पेटी घेणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

आता हिशेब. थोर गणिती रामानुजन् ज्या कुंभकोणम्‌मध्ये वाढले तेथे तो मांडण्यास संकोच वाटावा इतका तो सोपा आहे. त्रैराशिकापलीकडे त्यात काही नाही. संगणकाला आत ६० वॅट हवेत. दिवसाला ६ तास, वर्षाकाठी ३०० दिवस, म्हणजे १,८०० तास तो चालतो असे धरावे. पेटी बिनचिठ्ठीची, शेकडा ६५ कार्यक्षमतेची असेल तर भिंतीतून सुमारे ९२ वॅट ओढले जातील. तीच शेकडा ८० ची असेल तर ७५ वॅट. फरक १७ वॅटच्या थोडा वर, आणि वर्षाच्या शेवटी ३१ युनिटे. शेकडा ८० वरून ९० वर गेले तर आणखी १५ युनिटे वाचतात. ९० वरून ९४ वर गेले तर अवघी ५. पायरी जितकी वरची, तितकी तिची किंमत अधिक आणि तिची बचत कमी, असा हा उलटा जिना आहे.

या युनिटांचे रुपये किती होतात ते दरपत्रकावर अवलंबून आहे. तामिळनाडूत सप्टेंबर २०२२ पासून जे दर लागू झाले त्यांत दोन महिन्यांना ५०० पर्यंत युनिटे वापरणाऱ्या घरास १०१ ते २०० युनिटांना २ रुपये २५ पैसे, २०१ ते ४०० युनिटांना ४ रुपये ५० पैसे आणि त्यापुढच्या शंभरांना ६ रुपये असा भाव होता. ५०० ओलांडली की पुढच्या शंभरांस ८, मग ९, मग १० आणि हजारावर ११ रुपये. २०२४ च्या जुलैत हे दर आणखी थोडे वाढले. परंतु हिशेबाची रीत समजण्यास २०२२ चे आकडे पुरेसे आहेत. साडेचार रुपयांच्या पायरीवर बसलेल्या घरास वर्षाकाठी वाचलेल्या ३१ युनिटांचे १४० रुपये होतात. आठ रुपयांच्या पायरीवर तेच २५० च्या घरात जातात. पेटीसाठी हजार रुपये जादा मोजले असतील, तर पहिल्या घरात ते सात वर्षांनी फिटतील आणि दुसऱ्यात चार वर्षांनी. संगणकाचे आयुष्य पाच-सहा वर्षांचे धरले, तर पहिल्या घराचा व्यवहार तोट्याचाच झाला. महाराष्ट्रात महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात शंभर युनिटांवरचा भाव वहन आकार धरून ११ रुपयांच्या पुढे होता. तेथे महिन्याला शंभराहून अधिक युनिटे जाळणाऱ्या घरास याच ३१ युनिटांचे साडेतीनशे रुपये होतात. पेटी तीच, संगणक तोच. पण नाशिकच्या घरात जी वस्तू तीन वर्षांत फिटते, ती गोविंदपुरम्‌च्या काटकसरी घरात फिटतच नाही.

पाचशेच्या उंबरठ्यावरची गंमत तर निराळीच आहे. २०२२ च्या त्या पत्रकाप्रमाणे ५०० युनिटांचे बिल १,७२५ रुपये होई. ५०१ युनिटे झाली की १०१ ते २०० मधली २ रुपये २५ पैशांची सवलत बंद होऊन त्याही शंभरांना साडेचारचा भाव लागे, आणि बिल १,९५८ वर जाई. म्हणजे एका युनिटाने २३३ रुपये घेतले! एखाद्या घराचा आकडा ५०३ वर असेल आणि चांगल्या पेटीने दोन महिन्यांत ५ युनिटे वाचवली, तर त्या एकाच बिलात २६१ रुपये वाचले. वर्षभराच्या बचतीहून अधिक रक्कम एका दिवसात पदरात पडली. अर्थात याचे श्रेय पेटीला देणे म्हणजे शेवटच्या पायलीने पोते भरले म्हणून तीच पायली मोठी, असे म्हणण्यासारखे आहे. ती ५ युनिटे रिकाम्या खोलीतला पंखा बंद करूनही वाचली असती.

पंख्याचा विषय निघालाच आहे तर तो थोडा पुढे न्यावा. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात छताचा पंखा ही चैन नव्हे. वर्षातले बहुतेक दिवस तो दहा-बारा तास फिरतच असतो. जुना पंखा ७५ वॅट घेतो; ज्याला बाजारात बीएलडीसी पंखा म्हणतात तो तेवढाच वारा तीसएक वॅटमध्ये देतो. ४५ वॅटची बचत, दिवसाला १२ तास, ३०० दिवस, म्हणजे १६२ युनिटे. संगणकाच्या पेटीतून मिळालेल्या ३१ युनिटांच्या पाचपट. ज्याच्या हाती वीज वाचवण्यासाठी खर्च करण्यास हजार-दोन हजार रुपयेच आहेत, त्याने वर छताकडे आधी पाहावे आणि टेबलाखाली नंतर.

आणि टेबलाखाली पाहायचेच असेल तर पेटी बदलण्याआधी एक बिनखर्ची गोष्ट आहे. संगणक बंद केला तरी त्याची पेटी पूर्ण झोपत नाही. पुन्हा चालू करण्याची खूण मिळताच जागे होता यावे म्हणून ५ व्होल्टचा एक क्षीण प्रवाह ती सतत चालू ठेवते. युरोपात २०१३ पासून बंद उपकरणाने अर्ध्या वॅटहून अधिक घेऊ नये असा दंडक आहे. जुन्या, स्वस्त पेट्या मात्र याच कामाला दोन-तीन वॅट घेतात. तीन वॅट म्हणजे काहीच नाही, असे वाटते. परंतु वर्षाच्या ८,७६० तासांपैकी संगणक चालू असतो १,८०० तास; उरलेल्या ६,९६० तासांत हे तीन वॅट २१ युनिटे खाऊन बसतात. शेकडा ८० ची पेटी टाकून शेकडा ९० ची घेतल्याने जी १५ युनिटे वाचतात, त्यांहून ही अधिक. भारतातल्या भिंतींवर प्रत्येक प्लगशेजारी खटका असतो. अमेरिकेतल्या घरांत तो सहसा नसतो. रात्री तो खटका खाली केला की काम झाले. ज्या देशांत या पेट्यांची प्रतवारी जन्मास आली त्यांना ही सोय नव्हती, हेही त्या प्रतवारीचा गवगवा ऐकताना लक्षात ठेवावे.

मग इतका गवगवा झाला तो का? २००६ च्या सप्टेंबरात गूगल कंपनीच्या उर्स हॉल्झ्ले आणि बिल वाइल या दोघा तज्ज्ञांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. पेट्यांची रचना सुधारून तशा पेट्या दिवसाला आठ तास चालणाऱ्या दहा कोटी संगणकांत बसवल्या, तर तीन वर्षांत ४,००० कोटी युनिटे वाचतील आणि कॅलिफोर्नियातील भावाने त्यांची किंमत ५०० कोटी डॉलरांहून अधिक होईल, असा त्यांचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी ‘एनर्जी स्टार’ या अमेरिकी सरकारी योजनेने शेकडा ८० ची अट आपल्या संगणकविषयक नियमांत घेतली आणि मोठमोठ्या कंपन्या त्या अटीला तयार झाल्या. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण त्यांना दहा कोटींनी भागले की एका संगणकाच्या वाट्याला तीन वर्षांत ४०० युनिटे आणि ५० डॉलर येतात. तेही तेव्हाचे संगणक आजच्या साध्या संगणकांहून अधिक वीज घेत असताना. राष्ट्राच्या दृष्टीने मोठी आणि घराच्या दृष्टीने लहान, अशी ही बचत आहे; दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. कुंभकोणम्‌च्या उत्तरेस नेवेली येथे १९६२ पासून लिग्नाइटवर वीज होते. एका युनिटासाठी किलोभर तरी लिग्नाइट भट्टीत जातो. टेबलाखालची ३१ युनिटे म्हणजे वर्षाला तीसएक किलो लिग्नाइट, एका पोत्याहून कमी. पण अशी पोती लाखो घरांतून मोजली तर आगगाड्या भरतील. अशा वेळी ग्राहकाने जादा पैसे मोजावेत अशी अपेक्षा करण्यापेक्षा, कमी प्रतीची पेटी बाजारात येऊच नये असा नियम करणे अधिक न्यायाचे. भारतात २०१२ च्या आदेशाने संगणक आणि त्यांचे ॲडॉप्टर यांची सक्तीची नोंदणी सुरू झाली, पण तिचा रोख सुरक्षिततेकडे आहे, काटकसरीकडे नाही.

येथवरचा सारा हिशेब साध्या संगणकाचा झाला. जेथे संगणक रात्रंदिवस राबतो तेथे चित्र एकदम पालटते. चलत्‌चित्रे तयार करणारा, कृत्रिम बुद्धीचे प्रयोग चालवणारा किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या साऱ्या संगणकांना माहिती पुरवणारा यंत्रसंच आत ३०० वॅट घेत असेल आणि वर्षाचे ८,७६० तास चालत असेल, तर शेकडा ८० आणि शेकडा ९० यांतला फरक ४२ वॅटच्या आसपास पडतो, आणि वर्षाची बचत ३६५ युनिटे होते, रोज एक युनिट. असे यंत्र ज्या घरात आहे ते घर सवलतीच्या पायऱ्या केव्हाच ओलांडून गेलेले असते. नऊ रुपयांच्या भावाने ही बचत ३,२८५ रुपये होते. दोन पेट्यांच्या किमतीतला फरक तीन-चार हजार असला तरी तो वर्ष-सव्वा वर्षात फिटतो. त्यात यंत्राची खोली वातानुकूलित असेल तर पेटीने टाकलेली उष्णता उपसून काढण्यासही वीज लागते. साधारण तीन युनिटे उष्णता बाहेर काढण्यास एक युनिट वीज, या मानाने आणखी १२० युनिटे वाचतात. थंड देशांत हिवाळ्यात पेटीची गळती निदान खोली उबवण्याच्या कामी येते. गोविंदपुरम्‌च्या मे महिन्यात तिचा असा काही उपयोग सांगता येत नाही. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात माहितीची जी प्रचंड कोठारे उभी राहिली आहेत, त्यांत प्रत्येक टक्क्याचा हिशेब होतो तो याच कारणाने.

पैशांचा नव्हे पण तितकाच व्यावहारिक असा आणखी एक मुद्दा आहे. २०१२ च्या सुमारास चेन्नई वगळता तामिळनाडूच्या पुष्कळ भागांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि घरोघर बॅटरी-इन्व्हर्टर आले. बॅटरीत साठवून परत काढलेले एक युनिट मीटरवर दीड युनिट तरी होऊन उमटते, म्हणून खंडित पुरवठ्याच्या काळात पेटीची गळती दीडपट महाग पडते. शिवाय वेळेचाही प्रश्न असतो. बॅटरीतून प्लगपाशी ९०० वॅट-तास मिळत असतील आणि पडद्याचे २० वॅट धरून संगणक ११२ वॅट ओढत असेल, तर तो आठ तास चालेल. चांगल्या पेटीने तोच आकडा ९५ वर आणला तर साडेनऊ तास चालेल. काळोखात काम अर्धवट राहिलेल्या माणसास त्या दीड तासाची किंमत रुपयांत सांगावी लागत नाही. मात्र येथे एक पथ्य आहे. चढ्या पायरीच्या पेट्यांत विजेचा प्रवाह तरंगाच्या आकाराशी जुळवून घेणारे एक चक्र असते. साध्या, पायरीदार तरंग देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर अशा पेट्या कधी कधी रुसतात आणि संगणक ऐन वेळी बंद पडतो. पेटी उंची घेतली तर यूपीएसही शुद्ध तरंगाचा घ्यावा लागतो, आणि हा खर्च दुकानदाराच्या हिशेबात बहुधा धरलेला नसतो.

या साऱ्या खटाटोपाला बगल देणारी एक घटना तामिळनाडूत घडून गेली. २०११ साली तेथील सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना काढली, आणि कावेरीकाठच्या खेड्यापाड्यांतील लक्षावधी घरांत पहिला संगणक आला तो याच रूपाने. लॅपटॉप बॅटरीवर चालायचा असल्यामुळे त्याचे सगळे भाग मुळातच अल्पाहारी असतात. पडद्यासकट तो भिंतीतून २५ वॅटच्या आसपास घेतो. दिवसाला सहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवस अभ्यास केला तरी त्याची महिन्याची युनिटे चाराच्या आत राहतात, आणि दोन महिन्यांच्या मोफत १०० युनिटांत ती सहज सामावून जातात. अशा घरात पेटी ब्राँझची की गोल्डची हा प्रश्न कोणास विचारावाच लागला नाही.